तांबड्या नळ्या

शालूबाई ज्या शनिवारी बंगल्यावर कामाला येत, त्या शनिवारी उरलेला पास्ता रविवारी तळला की तांबडा पडे आणि मऊ राही. शालूबाई येत नसत त्या शनिवारचा पास्ता सोनेरी होई, आणि तो दाताखाली मोडला की शेजारच्या खोलीत ऐकू येई.

बंगला लोणावळ्यात होता, तुंगार्लीच्या अंगाला. मालक मुंबईत राहत आणि बंगला शनिवार-रविवार भाड्याने देत. सगळी देखभाल गोरखकडे होती आणि स्वयंपाक हिराबाईंकडे. हिराबाई कामशेतहून सकाळच्या लोकलने येत आणि पाहुण्यांची रात्रीची भाजी फोडणीला टाकून परतत. पाहुणे पुष्कळ असोत वा थोडे, त्यांच्यातल्या कुणीतरी मुलांसाठी पास्ता सांगून ठेवलेला असे. मुलांनी आधीच चिक्की आणि वेफर्स खाल्लेले असत. पास्ता किती लागेल याचा अंदाज गोरखला इतक्या वर्षांत आला नव्हता आणि तो येईल अशी चिन्हेही नव्हती. सॉस ऐनवेळी, ताटापुरताच लावला जाई. त्यामुळे उरणारा पास्ता नुसता उकडलेला, पांढरा, नळीच्या आकाराचा असे, आणि डबा भरून हिराबाईंबरोबर कामशेतला येई.

पहिल्यांदा तो आला तेव्हा त्याचे काय करावे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. हिराबाईंनी तो कुरडयांसारखा सुती धोतरावर पसरून रात्रभर वाऱ्याला ठेवला. सकाळी तो वरून कोरडा आणि हाताला किंचित ताठ लागला. मग त्याला इंद्रायणी तांदळाच्या कणीचे पीठ चोळले, शेंगदाण्याच्या तेलात तळला, वरून तिखट, मीठ आणि आमचूर भुरभुरवले. घरात त्याला ‘नळ्या’ म्हणू लागले. लहान मुले बोटांत घालून खात. मोठी माणसे बोटांत न घालता खात, पण जास्त खात.

हे सगळे घरगुती राहिले असते. पण हिराबाईंची धाकटी लेक तेजल हिला बघायला तळेगावची मंडळी आली, तेव्हा पोह्यांच्या जोडीला ताटलीत नळ्या होत्या. गौरव नावाच्या त्या मुलाने मुलीकडे पाहण्याआधी ताटली संपवली. लग्न जमले. साखरपुड्याची तारीख ठरताना गौरवच्या आईने हसत हसत एकच मागणी केली.

“बाकी काही मानपान नको आम्हाला. तेवढ्या नळ्या मात्र ठेवा. आमचे सगळे पाहुणे विचारतायत.”

अशा रीतीने नळ्यांचा मान साखरपुड्याच्या मानाला जोडला गेला, आणि शालूबाईंचा प्रश्न उभा राहिला.

शालूबाई शेजारच्या घरात राहत. तेजल तान्ही असताना हिराबाईंना टायफॉइड झाला होता. त्या काळात शालूबाईंनीच तेजलला पाहिले, आणि तेजल आजही त्यांना ‘मोठी आई’ म्हणे. बंगल्यावर मोठी शाकाहारी मंडळी आली की हिराबाईंना एकटीने झेपत नसे. मग गोरख शालूबाईंना बोलावी. हाताला त्या चपळ होत्या. खोड एकच होती. समोर जे येईल त्याचे त्या तोंड भरून कौतुक करत. “अगंबाई, काय सोन्यावानी दिसतंय!” हे वाक्य त्या भांड्याबद्दल, बाळाबद्दल, गॅसच्या ज्योतीबद्दल सारख्याच उमाळ्याने बोलत. वस्तीत याचा अर्थ हळूहळू वेगळा लावला जाऊ लागला होता.

साखरपुडा रविवारी होता. आदल्या शनिवारी बंगल्यावर मोठी शाकाहारी मंडळी येणार होती. म्हणजे पास्ता भरपूर उरणार, आणि शालूबाईही येणार.

“गोरखला मी सांगितलंय,” हिराबाई सुनेला म्हणाल्या. “ह्या खेपेला शालूला बोलवू नको. दुसरी बाई बघ. आन् साखरपुड्याला बी तिला चुलीपाशी न्हाई बसवायची. मंडपात बसू दे, जेवू दे.”

सून रुपाली. रसायनशास्त्रात एम. एस्सी. झालेली आणि तळेगावातल्या एका काचेच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. ती चहा गाळत होती. ती थांबली.

“का?”

“का मंजे? तुला दिसत न्हाई? ती आली की नळ्या तांबड्या.”

“आई, तुम्ही नजर मानता?”

“मी?” हिराबाईंना हा प्रश्न अपमानाचा वाटला. “तुज्या आजेसासऱ्यानं छप्पन साली देव्हारा उतरवला. लिंबू-मिरची ह्या दारावर कदी बांदली न्हाई आमी. नजर-बिजर मी मानत न्हाई. पर जे दिसतं ते दिसतं.”

या उत्तरात रुपालीला तर्काची चूक दिसली आणि तिने ती समजावून सांगितली. माणसाला जुळलेल्या गोष्टी लक्षात राहतात, न जुळलेल्या विसरतात. शालूबाई आल्या आणि नळ्या चांगल्या झाल्या, असे कितीतरी रविवार गेले असतील, ते कुणाच्या ध्यानात राहिले नसतील. हिराबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“मंजे मी खोटं बोलते.”

“खोटं नाही, आई. मनाची एक सवय असते...”

“माजं मन म्हातारं झालं, आसंच ना?”

सुहास, म्हणजे रुपालीचा नवरा, या वेळी मोबाइलवर काहीतरी वाचत होता आणि वाचतच राहिला.

रुपालीला आपला मुद्दा सिद्ध करणे सोपे वाटले. तेजल दर रविवारी नळ्यांचा फोटो काढून स्टेटसला टाकत असे आणि एकही फोटो पुसत नसे. रुपालीने ते सगळे फोटो मागवले. मग गोरखला फोन करून, कोणत्या शनिवारी शालूबाईंना बोलावले होते, ते विचारले. गोरखच्या मोबाइलमध्ये ‘मावशी उद्या या’ असे निरोप होतेच. दोन्ही बाजू जुळवून पाहिल्या. एकही रविवार चुकत नव्हता. तांबडा फोटो असला की आदल्या दिवशी गोरखचा निरोप होता, सोनेरी फोटो असला की नव्हता.

रुपालीने दोनदा तपासून पाहिले. मग तिने सासूला सांगितले, “आई, तुमचं बरोबर आहे. दोन्ही गोष्टी जोडीनेच घडतात.”

हिराबाईंनी मान डोलावली. सुनेने खूप शिकून अखेर इथपर्यंत मजल मारली, याचे त्यांना समाधान वाटले.

“पण त्या का घडतात, ते आपल्याला माहीत नाही,” रुपाली म्हणाली.

“मला माहीत हाय,” हिराबाई म्हणाल्या.

साखरपुडा अजून दोन आठवड्यांवर होता. रुपालीने एकेक शक्यता बाजूला काढायला सुरुवात केली. तेल दर खेपेला ताजे होते. कणीचे पीठ एकाच गिरणीचे. पास्ता गोरख एकाच दुकानातून, एकाच कंपनीचा, मोठ्या पिशवीतून आणत असे. मोठी मंडळी आली की डबा गरम गरमच भरला जातो का आणि त्याला आत वाफ धरते का, हे तिने विचारले. तर डबा नेहमीच गार झाल्यावर भरला जाई. तिने हवेतल्या दमटपणाचाही विचार केला. पण तांबड्या रविवारांत कोरड्या थंडीतले रविवार होते आणि सोनेरी रविवारांत पावसाळ्यातलेही होते. तिची सगळी चौकशी डबा घरात आल्यापासून पुढची होती. पास्ता उकडलेला येतो, हे तिने गृहीत धरले होते, आणि ते तिच्या लक्षात आले नव्हते.

मग तिने ठरवले की शालूबाईंचाच प्रयोग करून पाहावा.

त्या रविवारी घरी आदल्या दिवशी उकडलेला पास्ता होता. शालूबाई त्या शनिवारी बंगल्यावर नव्हत्या. रुपालीने त्यांना चहाला बोलावले आणि कढईपासून हातभर अंतरावर पाटावर बसवले. हिराबाई झारा धरून होत्या. नळ्या तेलात पडल्या, फुगल्या, वर आल्या आणि सोनेरी झाल्या. शालूबाई चहा पीत गप्प बसल्या होत्या, कारण त्यांची दाढ दुखत होती.

“बघा,” रुपाली सासूला हळूच म्हणाली.

“कसं बघू? आज ती काई बोलली कुटं? तोंड उघडल्याशिवाय लागती व्हय?”

हा आक्षेप शास्त्राच्या दृष्टीने योग्य होता. प्रयोगात परिस्थिती मूळसारखी हवी. रुपाली शालूबाईंकडे वळली.

“मावशी, कशा दिसतायत नळ्या?”

“चांगल्या हायेत की.”

“नाही, म्हणजे नेहमीसारखं सांगा ना. जरा कौतुक करा.”

शालूबाईंनी गालावरचा हात काढला. त्यांनी रुपालीकडे पाहिले, मग हिराबाईंकडे. हिराबाईंनी कढईत पाहिले.

“कौतुक करू?”

“थोडंसं.”

“मला च्याला बोलावलं, ते ह्याच्यासाटी व्हय?”

हिराबाईंनी झारा फिरवला. तेल चरचरत होते.

“गोरख मला म्हणाला, मावशी ह्या खेपेला राहू द्या. मला वाटलं, पाव्हणे कमी आसतील.” शालूबाई उठल्या. “हिराक्का, तू आजारी व्हतीस तवा ही तेजल माज्या मांडीवर झोपायची. मी दिसंदिस म्हणायची, काय सोन्यावानी पोर हाय. तवा न्हाई लागली ती माजी नजर? पोर तर चांगली टुकटुकीत हाय. मंजे माजी नजर मानसाला लागत न्हाई, निस्ती उकडलेल्या पिठालाच लागती?”

“शालू, मी कुटं म्हणलं...”

“न्हाई म्हणलीस. म्हणूनच तर. तोंडानं म्हणली आसतीस तर भांडले आसते.” त्यांनी कप ओट्यावर ठेवला. “साखरपुड्याला मी येत न्हाई. तुमच्या नळ्या चांगल्या होऊ द्या.”

त्या गेल्यावर हिराबाईंनी नळ्या कागदावर काढल्या. नळ्या सोनेरीच होत्या. शालूबाई शेवटी बऱ्याच बोलल्या होत्या, पण कौतुक त्यांनी केले नव्हते. त्यामुळे प्रयोगाचा निकाल काहीच लागला नाही, आणि साखरपुड्याला यायचे एक माणूस मात्र कमी झाले.

संध्याकाळी तेजलला हे कळले. ती आईशी बोलली नाही, भावाशी बोलली नाही. वहिनीशी मात्र बोलली.

“वहिनी, तू तिला उंदरासारखं पिंजऱ्यात बसवलंस.”

“मी त्यांची बाजू सिद्ध करायला निघाले होते.”

“तिने सांगितलं होतं का तुला? मोठी आई नसेल तर मी साखरपुड्याला नळ्या ठेवू देणार नाही. गौरवच्या आईला काय सांगायचं ते तू सांग.”

रुपाली दुसऱ्या दिवशी शालूबाईंच्या दारात गेली, माफी मागितली आणि आपण कशासाठी काय केले ते सगळे सांगितले. शालूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मग आता काय पायजे?”

“शनिवारी बंगल्यावर या. मी पण येते. मला फक्त बघायचंय.”

“माज्या डोळ्यांकडं?”

“नाही. हातांकडं.”

शालूबाईंनी एक खडा बाजूला टाकला. “छोल्यांसाटी गोरखचा दोनदा फोन येऊन गेला. दुसऱ्या बाईला त्ये जमत न्हाईत. त्या गोरखची फजिती नको म्हणून येते. तुज्यासाटी न्हाई.”

“चालेल.”

हिराबाईंना हे कळले तेव्हा त्या म्हणाल्या, “दुसऱ्या दिवशी साखरपुडा हाय. नळ्या तांबड्या झाल्या तर तळेगावकर काय म्हणतील?”

“झाल्या तर का झाल्या, ते तरी कळेल.”

“ते ताटात वाढायचं का मग?”

शनिवारी रुपालीने रजा टाकली आणि तिघी एकाच लोकलने लोणावळ्याला गेल्या. कामशेतला डब्यात चढल्यापासून हिराबाई आणि शालूबाई समोरासमोर बसल्या होत्या आणि दोघी खिडकीबाहेर पाहत होत्या, एक एका खिडकीबाहेर, दुसरी दुसऱ्या. मळवली गेल्यावर शालूबाईंनी पिशवीतून भिजवलेल्या काबुली चण्यांचा डबा सरळ करून ठेवला. एवढीच हालचाल झाली.

बंगल्याच्या स्वयंपाकघरात रुपाली कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली आणि पाहू लागली. गोरखने येऊन विचारले, “वहिनी, काय तपासणी आहे का?” ती “नाही” म्हणाली. गोरखने तरीही सिलिंडरच्या नळीवरची धूळ पुसली.

मोठ्या मंडळींसाठी पुरी, छोले, पुलाव आणि मुलांना पास्ता असा बेत होता. स्वयंपाकघरात शेगड्या दोन होत्या आणि मोठे पातेले एकच. शालूबाईंनी त्यात पाणी ठेवले, मीठ टाकले, भिजवलेले चणे टाकले आणि कमरेच्या पिशवीतून पुडी काढून चमचाभर खाण्याचा सोडा घातला. पाणी फसफसून वर आले, त्यांनी ते झाऱ्याने खाली बसवले. चणे बोटाने दाबून पाहिले. ते लोण्यासारखे झाल्यावर त्यांनी सगळे चणे झाऱ्याने उपसून दुसऱ्या भांड्यात काढले आणि मसाल्याकडे वळल्या.

पातेल्यात पिवळसर, फेसाळ पाणी उकळत राहिले.

हिराबाईंनी पास्त्याची पिशवी फोडली आणि निम्मी त्या पाण्यात ओतली.

रुपाली स्टुलावरून उठली.

“आई, हे पाणी?”

“काय हाय?”

“हे चण्यांचं पाणी आहे.”

“उकळतंय की. मीठ बी हाय त्यात. येवढं पातेलं पुन्यांदा तापवायला किती येळ जातो, ठाव हाय? पाव्हणे तितं ताटं वाजवाया लागतात.”

“तुम्ही नेहमी असंच करता?”

“नेमी कसं? नेमी छोले कुटं आसतात? ही आली तरच छोले. एरवी नळाचंच पाणी ठेवते.” हिराबाईंनी पास्ता ढवळला. “आन् ह्या पाण्यात लय बेस शिजतो. लवकर मऊ होतो.”

रुपालीने पर्समधून कागदाची तांबडी लिटमस पट्टी काढली. प्रयोगशाळेतल्या काही पट्ट्या तिच्या पर्सच्या तळाशी कायम पडलेल्या असत. तिने एक पट्टी पातेल्यातल्या पाण्यात बुडवली. पट्टी निळी झाली.

“हे काय आता?” शालूबाईंनी विचारले. गाडीत बसल्यापासून त्यांनी रुपालीशी बोललेले हे पहिले वाक्य.

“सोडा.”

“सोडा तर मीच टाकला. पट्टी कशाला पायजे? मला इचारायचं.”

रुपालीने मान्य केले. मग तिने दुसरी शेगडी मागितली, एका लहान पातेल्यात नळाचे पाणी उकळवले आणि त्यात पिशवीतला उरलेला पास्ता वेगळा शिजवला. हिराबाईंनी गॅस फुकट जळतो म्हणून तीनदा सांगितले. दोन्ही पास्ते गार करून दोन वेगळ्या डब्यांत भरले. सोड्याच्या पाण्यातल्या पास्त्याला किंचित पिवळी छटा होती आणि तो बोटाला बुळबुळीत लागत होता. सॉसमध्ये हा फरक दिसला नसता, आणि मुलांनी पास्ता खाल्लाच नाही.

रात्रभर दोन्ही पास्ते दोन धोतरांवर, एकाच खोलीत, एकाच खिडकीच्या वाऱ्याला पसरले होते. रुपालीने आणखी एक गोष्ट केली. कामशेतच्या घरी तिने नवीन पाकीट फोडून थोडा पास्ता सोडा घातलेल्या पाण्यात उकडला आणि तिसऱ्या फडक्यावर ठेवला. या तिसऱ्या पास्त्याला शालूबाईंनी हात लावला नव्हता आणि त्याच्याकडे पाहिलेही नव्हते.

सकाळी तेजल गेली आणि शालूबाईंना हाताला धरून घेऊन आली. शालूबाई दारातच थांबल्या.

“आत या, मावशी,” रुपाली म्हणाली. “कढईच्या समोर बसा. तिन्ही फडकी तुमच्यासमोर असू देत. नजर असेल तर तिन्हींवर सारखीच पडेल.”

“आन् कौतुक?”

“जसं वाटेल तसं करा.”

“तिन्हींचं करते. कुणाला कमी-जास्त नको.” त्या पाटावर बसल्या आणि पदर सावरून म्हणाल्या, “अगंबाई, काय सोन्यावानी नळ्या! काय ते पीठ! काय ते धोतर! हिराक्का, धोतर दाजींचं का?”

“व्हय,” हिराबाई म्हणाल्या. “गप आता.”

एक कढई, एक तेल, एक झारा. आधी साध्या पाण्यातला पास्ता तळला. तो फुगला आणि सावकाश सोनेरी झाला. तेलातले बुडबुडे बारीक होईपर्यंत हिराबाईंनी झारा फिरवला आणि मग नळ्या काढल्या. नंतर चण्यांच्या पाण्यातला पास्ता सोडला. तो दोन-चार बुडबुड्यांतच तांबडा होऊ लागला. तेल जोरात फसफसत होते, तरी हिराबाईंनी करपेल या भीतीने झारा घातला आणि नळ्या उचलल्या.

“का काढल्या?” रुपालीने विचारले.

“लाल झाल्या की. कडू व्हतील.”

“आत पाणी आहे अजून. तेल ऐकू येतंय का?”

हिराबाई थांबल्या. झाऱ्यातल्या नळ्यांवर तेल अजून चरचरत होते.

तिसरा पास्ता, जो उकडताना शालूबाई तिथे नव्हत्या, तोही तसाच तांबडा पडला.

ताटलीत तीन ढीग झाले. तेजलने पहिल्या ढिगातली नळी मोडली आणि आवाज झाला. दुसऱ्या ढिगातली नळी मोडली नाही, वाकली. तिसऱ्या ढिगातली काठाला मोडली आणि मधे वाकली. सुहास पेपर बाजूला ठेवून आला, पहिल्या ढिगातल्या चार नळ्या उचलल्या आणि पुन्हा पेपर वाचू लागला.

हिराबाईंनी दुसऱ्या ढिगातली एक नळी उचलून वाकवून पाहिली. मग म्हणाल्या, “पाणी मी वापरत व्हते.”

“सोडा माजा व्हता,” शालूबाई म्हणाल्या.

“सोडा तुजा. पर पाणी मी वापरलं. तू सांगितलं न्हवतं वापराया.”

“न्हवतं.”

“मी गोरखला सांगते. पुढच्या खेपेपास्नं तूच.”

“गोरखला मी सांगीन माजं मी. तू तळेगावकरांना सांग.”

“काय सांगू?”

“की नळ्या ह्या बाईनं तळल्यात.” शालूबाईंनी हात पुढे केला. “झारा दे हिकडं.”

हिराबाईंनी झारा दिला. तेजलने उरलेल्या साध्या पाण्यातल्या पास्त्याला पीठ चोळायला घेतले. तो पुरणार नव्हता, म्हणून सुहासला दुकानात पाठवले. नवीन पाकिटे उघडली, पास्ता नळाच्या पाण्यात उकडला आणि दुपारपर्यंत पंख्याखाली वाळवला. रात्रभर वाळलेल्यांइतक्या त्या नळ्या कुरकुरीत झाल्या नाहीत. तळेगावकरांनी त्या सगळ्या संपवल्या आणि गौरवच्या आईने कोणी केल्या म्हणून विचारले. हिराबाईंनी शालूबाईंकडे बोट केले. शालूबाई म्हणाल्या, “अगंबाई, काय सोन्यावानी जावई!” आणि त्या वेळी हिराबाईंच्या चेहऱ्यावर काहीही हलले नाही. निदान रुपालीला दिसेल इतके तरी नाही.

दुसऱ्या दिवशी गोरखने फोनवर कारण विचारले, तेव्हा रुपालीने ते असे सांगितले. शालूबाई फक्त मोठ्या शाकाहारी मंडळींच्या वेळी बंगल्यावर बोलावल्या जात, आणि त्याच वेळी छोले केले जात. छोले मऊ व्हावेत म्हणून त्या पाण्यात खाण्याचा सोडा घालत. पातेले एकच असल्याने आणि पाणी आधीच उकळते असल्याने, हिराबाई त्याच पाण्यात पास्ता शिजवत. सोड्याने पाणी अल्कलीयुक्त होई, आणि चण्यांतून उतरलेली साखर व प्रथिनेही त्यात असत. अशा पाण्यात शिजलेल्या पिठाचा पृष्ठभाग तळताना फार लवकर तांबडा पडतो. हिराबाई नळी झाली की नाही हे रंगावरून ठरवत असत. त्यामुळे त्या तांबडी नळी लवकर काढत, आतले पाणी उडून जायच्या आत. राहिलेले पाणी गार होताना बाहेरच्या कडक थरात येई आणि नळी मऊ पडे.